एका प्रश्नाचं अंतर

आक्काला ऐकू येत नाही हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. तरी तिच्याशी बोलताना जो तो आवाज चढवत होता. साक्षीसाठी तिला बोलवायला आलेला शिपाई तर तिच्या कानाशी वाकून ओरडला. आक्का त्याच्या तोंडाकडे बघून नुसती हसली आणि पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. समोर टेबलावर एक पडदा होता. लोक बोलतील ते त्यावर अक्षरांत उमटणार, ते वाचून तिनं तोंडानं उत्तर द्यायचं, अशी सोय चौकशी समितीनं केली होती.

कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात आक्का बॉयलर सांभाळायची. गेल्या वर्षी तो बॉयलर फुटला. दोन कामगार जागच्या जागी गेले. आक्का तेव्हा बाहेरच्या बोळात होती म्हणून जिवानिशी वाचली, पण त्या आवाजानं तिचे दोन्ही कान कायमचे गेले. बोलणं शाबूत राहिलं, फक्त आपला आवाज किती मोठा होतोय याचा तिला अंदाज राहिला नाही. घरात ती कधी कुजबुजायची, तर कधी शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल अशी मीठ मागायची. मग तिची भावजय तळहात खाली दाबून खूण करायची, की आक्का आवाज उतरवायची.

ही भावजय म्हणजे आक्काच्या धाकट्या भावाची बायको. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. लग्न होऊन आली तेव्हा आक्कानं तिला विचारलं होतं, "तू दिवसभर करतेस तरी काय गं?"

"चिपकडून गुणाकार करून घेते," धाकटी म्हणाली होती. "नवी चिप आली, की तिला कसे दिले तर गुणाकार भराभर होतील ते शोधायचं आणि तसे लिहून काढायचे. मग ते ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर लोकांच्या मशीनमध्ये जातात."

"म्हणजे पगार घेऊन पाढे म्हणतेस!" आक्का म्हणाली होती, आणि सगळं घर हसलं होतं.

आज मात्र धाकटी साक्षीदारांच्या मागच्या बाकावर ताठ बसली होती. तिचा नवरा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. बहिणीची उलटतपासणी बघायचं त्याला धाडस होईना. प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच वाईट होतं. कंपनीचं म्हणणं, आक्का जागा सोडून गेली म्हणून बॉयलर फुटला. आक्काचं म्हणणं, वाफेचा दाब वाढत होता, जास्तीची वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडत नव्हता, म्हणून ती फोरमनला सांगायला त्याच्या केबिनमध्ये गेली होती. फोरमन म्हणत होता, ती आलीच नाही. तिसरं कुणी तिथे नव्हतं. बॉयलरपाशी जे होते ते गेले होते.

सकाळी पडद्याची चाचणी झाली तेव्हा सगळं बरोबर वाटलं. समितीचा तंत्रज्ञ, जाड मिशांचा, कपाळाला कायम आठी असलेला गृहस्थ, माइकसमोर एक वाक्य म्हणायचा आणि थांबायचा; अक्षरं लगेच यायची. चौकशीतलं बोलणं इमारतीबाहेर जाऊ नये म्हणून मशीनला इंटरनेट दिलेलं नव्हतं. आवाज ऐकून त्याची अक्षरं करण्याचं सगळं ओझं टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यावरच होतं. मशीन नवं कोरं होतं. आक्काच्या बाजूनं उभ्या असलेल्या वकीलबाई सावकाश बोलणाऱ्या. त्यांचे प्रश्न झाले तोवर सगळं सुरळीत चाललं.

मग कंपनीचे वकील उठले. उंच माणूस, बोलणं पाण्यासारखं. एक वाक्य संपायच्या आत त्यांचं दुसरं सुरू व्हायचं.

"तुम्हाला चष्मा आहे का?" त्यांनी आक्काला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता समितीच्या अध्यक्षांकडे वळून बॉयलरचा काटा वाचणाऱ्याची नजर कशी असायला हवी, वैद्यकीय तपासणी कधी व्हायला हवी, हे सांगत सुटले. मग पुन्हा आक्काकडे फिरले. "त्या दिवशी काटा लाल रेघेच्या वर गेलेला तुम्ही स्वतः पाहिलात?"

"नाही," आक्का म्हणाली.

सभागृहात चुळबुळ झाली. वकीलबाईंनी चमकून मान वर केली. कंपनीचे वकीलही क्षणभर थबकले. इतकं सोपं उत्तर मिळेल असं त्यांनाही वाटलं नसावं.

"म्हणजे काटा लाल रेघेच्या खालीच होता?"

आक्का पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग ठामपणे म्हणाली, "हो."

धाकटीला कळेना. आक्कानं घरी शंभरदा सांगितलं होतं, काटा लाल रेघ ओलांडून कुठल्या कुठे गेला होता. घाबरली का ही? की दडपणाखाली मुद्दाम फिरवतेय?

"तुमची पाळी चालू असताना तुम्ही बॉयलरची जागा सोडलीत का?"

पुन्हा ती लांबलचक शांतता. आक्काचा चेहरा लाल झाला. "नाही! अजिबात नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की मागच्या रांगेतलं कुणीतरी दचकलं. धाकटीचा हात सवयीनं उठला आणि तळहात खाली दाबला गेला.

"साक्षीदाराला खुणा करू नका," अध्यक्षांनी तिला बजावलं. ते निवृत्त न्यायाधीश होते, बुटके, पांढऱ्या केसांचे, एरवी मवाळ. "पुन्हा दिसलं तर बाहेर जावं लागेल."

"बॉयलरच्या खोलीच्या दारावरच्या कॅमेऱ्यात तुम्ही बाहेर पडताना स्वच्छ दिसता," कंपनीचे वकील म्हणत होते. "मग तो कॅमेरा खोटा? आणि तुम्ही केबिनमध्ये आलाच नाहीत असं सांगणारे फोरमन, तेही खोटं बोलतात?"

आक्का पडद्याकडे बघत होती. "हो," ती म्हणाली. हळू, जवळजवळ अपराध्यासारखं.

त्या स्वरानं धाकटीला जागं केलं. कुणाला खोटारडा म्हणताना माणूस असं बोलत नाही. असं माणूस कबुली देताना बोलतं. तिनं बाकावर शक्य तितकं डावीकडे सरकून मान वाकडी केली. पडद्याची कड आता तिला दिसत होती. वकील कॅमेऱ्याबद्दल बोलून मोकळे झाले होते, आणि पडद्यावर शेवटची ओळ होती, 'जागा सोडलीत का'.

आक्का प्रत्येक प्रश्नाला खरं तेच उत्तर देत होती. फक्त एक प्रश्न मागून.

चष्मा नाही. काटा वर होता, हो. काटा खाली होता? अजिबात नाही. जागा सोडली? हो.

धाकटी उठून उभी राहिली. "थांबवा! सर, हे थांबवा, पडदा मागे पडलाय!"

अध्यक्षांनी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. शिपाई तिच्या दिशेनं निघाला. कंपनीचे वकील दोन्ही हात पसरून म्हणाले, "आता नातेवाईक शिकवणार साक्षीदाराला?"

"सर, ती तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतच नाहीये. तिला आधीचा प्रश्न दिसतोय. मला बाहेर काढा, पण आधी एकदा बघा. आत्ता, लगेच. बोलणं थांबलं की मशीन मागचं काम उरकेल आणि मग तुम्हाला काहीच दिसणार नाही!"

शिपायानं तिचा दंड धरला होता. अध्यक्षांनी त्याला थांबण्याची खूण केली. ते माइकवर वाकले आणि आक्काकडे बघत म्हणाले, "बाई, हे वाक्य वाचलंत की हात वर करा."

सगळं सभागृह आक्काकडे बघू लागलं. आक्का पडद्याकडे बघत होती. हात मांडीवरच होते. वरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात आक्का एकाएकी मागे वळली आणि डोळ्यांनी धाकटीला शोधू लागली. तिचं मघाचं ओरडणं आत्ता कुठे पडद्यावर पोचलं होतं. शिपाई तिचा दंड धरून उभा आहे हे पाहून आक्काचे डोळे विस्फारले. मग ती पुन्हा पडद्याकडे वळली, आणि शेवटी, सगळ्यांना विसर पडावा इतक्या उशिरा, तिनं हात वर केला.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कामकाज दुपारपर्यंत तहकूब."

कंपनीचे वकील उठले. "माझी हरकत आहे. मशीन सील केलेलं आहे. सकाळी दोन्ही पक्षांनी ते मान्य केलंय. आणि उत्तरं नोंदली गेलीत."

"उत्तरांचं नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले. "आधी मशीन बघू या. माझ्यासमोर."

सभागृहाला लागून एक चिंचोळी खोली होती, वायरींची वेटोळी आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची. तिथे तो काळा डबा आणून ठेवला. अध्यक्ष, दोन्ही वकील, तंत्रज्ञ आणि धाकटी एवढी माणसं आत मावली आणि दार लागेना. तंत्रज्ञानं सकाळचं रेकॉर्डिंग लावलं आणि मशीनवर कामाचा किती भार येतोय ते दाखवणारी खिडकी उघडली. आठ पट्ट्या होत्या, प्रोसेसरमध्ये एकाच वेळी राबू शकणाऱ्या आठ भागांच्या, म्हणजे कोअरच्या. सात पट्ट्या जमिनीला टेकलेल्या. एक छताला भिडलेली.

"एकटाच राबतोय," धाकटी पुटपुटली. "बाकीचे झोपलेत. गणिताची लायब्ररी कुठली लावलीय तुम्ही? साधीच ना?"

तंत्रज्ञानं तिच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली, मग पुन्हा आवळली. "मी नाही लावली. वरून हुकूम आहे. सगळ्या मशीनवर एकच, साधी. मागे एका जुन्या मशीनवर वेगवान लायब्ररी चढली होती. तिच्यातल्या सूचना त्या प्रोसेसरला माहीतच नव्हत्या. भर सुनावणीत मशीन बंद पडलं. तेव्हापासून निवडीचा पर्यायच बंद केलाय."

"मला कळेल असं बोला," अध्यक्ष म्हणाले.

धाकटी अध्यक्षांकडे वळली. ऑफिसात हे ती रोज बोलायची, पण तिथे कुणाच्या नणंदेचा जीव टांगणीला नसायचा. "सर, कुठलाही प्रोग्रॅम सगळंच स्वतः करत नाही. गुणाकार, बेरजा, अशी ठरीव कामं तो ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेल्या तयार संचाकडून करून घेतो. त्या संचाला लायब्ररी म्हणतात. आवाजाची अक्षरं करायची म्हणजे दर सेकंदाला कोट्यवधी गुणाकार. या मशीनमध्ये त्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आहेत. एक कुठल्याही प्रोसेसरवर चालते, म्हणून ती जपून, एका वेळी एकच गुणाकार करते. दुसरी या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली आहे. ती एका फटक्यात सोळा करते, आणि आठही कोअर कामाला जुंपते. एरवी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होतानाच प्रोसेसरला विचारते, बाबा रे, तुला काय काय येतं? आणि त्याप्रमाणे आवृत्ती निवडते. इथे ते विचारणंच बंद करून ठेवलंय."

"बाहेरून काही आणावं लागेल?"

"काही नाही," तंत्रज्ञच म्हणाला. "दोन्ही आतच आहेत. एक ओळ बदलायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं." मग खाली बघत त्यानं जोडलं, "पण सर, मला लेखी आदेश लागेल. उद्या काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल."

"आदेश देतो."

"आणि शब्द?" कंपनीचे वकील दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "नव्या लायब्ररीनं शब्दच बदलले तर? साक्षीदाराच्या भावजयीनं सुचवलेली लायब्ररी, म्हणून विचारतो."

वकीलबाई लगेच म्हणाल्या, "शब्द कशाला बदलतील? गुणाकार तो गुणाकार. काय गं?"

सगळे धाकटीकडे बघू लागले. 'नाही बदलणार' एवढे दोन शब्द पुरेसे होते. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते खरेही ठरले असते.

"एखादा बदलू शकतो," ती म्हणाली.

वकीलबाईंनी डोळे मिटले.

"बेरीज कुठल्या क्रमानं केली त्यावर अगदी शेवटचा अंक किंचित हलतो. दशांश चिन्हाच्या खूप पुढचा. त्यानं सहसा काही होत नाही. पण ऐकलेला शब्द हा की तो, अशी अगदी अटीतटीची वेळ असेल, तर तेवढ्यानंही निवड फिरू शकते. त्यात चूक कुणाचीच नसते."

"ऐकलंत?" कंपनीचे वकील हसले.

"ऐकलं," अध्यक्ष म्हणाले. "मग तपासून बघू. सकाळचं सगळं बोलणं दोन्हीकडून काढा आणि शेजारी शेजारी ठेवा."

बाहेर येताच वकीलबाईंनी धाकटीला कोपऱ्यात घेतलं. "हे आत्ताच बोलायची काय गरज होती तुला?"

"उद्या त्यांनीच शोधून काढलं असतं तर?"

"उद्याचं उद्या बघितलं असतं! तुझ्या नणंदेला त्यांनी खोटारडी ठरवलंय, आणि तू त्यांच्याच हातात काठी देतेस."

धाकटी पुन्हा मशीनच्या खोलीत शिरली.

तंत्रज्ञानं ओळ बदलली आणि मशीन बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पडदा काळा. त्यानं बटणावरून बोट काढलं नाही, जणू बोट काढलं तर काहीतरी निसटेल. काळाच राहिला पडदा. व्हरांड्यातून धाकटीच्या नवऱ्यानं आत डोकावून भुवया उडवल्या. तिनं त्याला हातानंच जा म्हटलं. मग एक पांढरी रेघ लुकलुकली, आणि यंत्रातला पंखा, जो सकाळपासून कधी ऐकूच आला नव्हता, घोंघावू लागला. रेकॉर्डिंग लावल्याबरोबर आठही पट्ट्या एकदम उसळल्या आणि तितक्याच झटकन खाली आल्या. काम झालंसुद्धा.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तंत्रज्ञानं फरक शोधायला सांगितलं. मशीननं एकच जागा पिवळी केली.

डावीकडे होतं, 'तुम्ही तेव्हा कुठे होता'. उजवीकडे होतं, 'तुम्ही तेव्हा कुठे होतात'.

"बदललं!" कंपनीचे वकील जवळजवळ ओरडले. "एक अक्षर वाढलं! आज 'त' वाढला, उद्या 'न' वाढेल, आणि 'होता'चं 'नव्हता' होईल!"

"वाक्य तुमचंच आहे, वकीलबाईंच्या प्रश्नांत मध्येच टाकलेलं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही काय म्हणाला होतात?"

"मी? मी म्हणालो, होता…" ते थांबले. "होतात. म्हणजे, होता."

अध्यक्षांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. वकिलांनी शब्दाच्या शेवटी घसा खाकरला होता आणि 'त' होता की नुसता श्वास, ते देवालाच ठाऊक. वकीलबाईंना 'होता' ऐकू आलं, तंत्रज्ञाला 'होतात'.

"मलाही कळलं नाही," अध्यक्ष शेवटी म्हणाले, "आणि माझे कान चांगले आहेत. नवी आवृत्ती चालू ठेवा. शब्दाचा वाद झाला तर मूळ आवाज ऐकू. सकाळच्या उलटतपासणीतली उत्तरं मी बाजूला ठेवतोय. प्रश्न पहिल्यापासून विचारा."

दुपारी आक्का पुन्हा त्या खुर्चीत बसली. धाकटीनं तिला मधल्या वेळात कागदावर लिहून सगळं समजावलं होतं. वाचता वाचता आक्काचा चेहरा पांढरा पडला होता. 'म्हणजे मी काटा खाली होता असं सांगितलं?' एवढंच तिनं विचारलं होतं, कुजबुजत.

"काटा लाल रेघेच्या वर गेलेला तुम्ही पाहिलात?"

वकिलांचं तोंड मिटायच्या आत अक्षरं पडद्यावर होती.

"पाहिला. बराच वर."

"पाळी चालू असताना जागा सोडलीत?"

"हो, सोडली."

वकील झर्रकन अध्यक्षांकडे वळले. "समितीनं नोंद घ्यावी, सकाळी हीच साक्षीदार ठासून नाही म्हणाली होती, आणि आता स्वतःच्या तोंडानं—"

"थांबा साहेब," आक्का म्हणाली. "माझं बोलणं व्हायचंय अजून."

वकील थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच आक्कानं कुणाला तरी मध्येच अडवलं होतं. कान गेल्यापासून पहिल्यांदाच, धाकटीच्या मनात आलं.

आक्का सांगू लागली. काटा चढत होता. व्हॉल्व्ह उडायला हवा होता, शिट्टीसारखा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता. तिनं केबिनला फोन लावला, कुणी उचलेना. मदतनिसाला काट्यावर नजर ठेवायला सांगून ती पळत गेली. "फोरमन आतच होते. म्हणाले, व्हॉल्व्ह आवळून ठेवलाय. सारखा उडतो, वाफ जाते, माल अडतो. वरूनच सांगितलंय. तू जाऊन गप बस. मी परत फिरले. बोळात पोचले आणि…" तिनं हात कानांवर नेले आणि खाली आणले.

तिसऱ्या रांगेत बसलेला फोरमन आपल्या बुटांकडे बघत होता.

कंपनीच्या वकिलांनी पाण्याचा घोट घेतला. पुन्हा बोलले तेव्हा आवाज खाली आला होता, आणि त्यात पहिल्यांदाच घाई नव्हती. "बर्नर बंद करायचं बटण तुमच्या हाताशी होतं?"

"होतं."

"केबिनकडे पळण्याआधी ते दाबलं असतंत, तर?"

वाक्य क्षणात पडद्यावर आलं. वकीलबाई ताडकन उठल्या, "हा अंदाजाचा प्रश्न आहे!" तेही पडद्यावर आलं. "उत्तर द्यायची सक्ती नाही," अध्यक्ष म्हणाले. तेही आलं. आक्का एकेक ओळ वाचत होती, आणि धाकटीला वाटलं, आता मध्ये काहीच उरलं नाही. सकाळचं ते मशीन असतं तर निदान थोडी फट असती, हिला श्वास घ्यायला. ती फट मीच बुजवली.

आक्का काहीतरी म्हणाली. कुणालाच ऐकू आलं नाही. धाकटीचा हात आपोआप वर चालला होता; तिनं दुसऱ्या हातानं तो मांडीवर दाबून धरला.

"जरा मोठ्यानं सांगाल?" अध्यक्ष म्हणाले.

"तर ते दोघं आज असते!" आक्काचा आवाज भिंतींवर आदळला. "फोरमनला विचारल्याशिवाय बर्नर बंद करायचा नाही, असं आम्हाला बजावलं होतं. आधी एकदा मी केला होता, तेव्हा मला घरी बसवलं. म्हणून आधी विचारायला गेले. पण बटण माझ्या हाताशी होतं. नाही दाबलं मी."

वकील आपल्या कागदांकडे बघत म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत."

व्हरांड्यात भाऊ आक्काला मिठी मारून उभा होता, तेव्हा एक बाई बाजूला येऊन थांबली. स्फोटात गेलेल्या त्या मदतनिसाची बायको. चौकशीच्या प्रत्येक दिवशी ती मागच्या रांगेत बसायची आणि कुणाशी न बोलता निघून जायची. ती आक्काला काहीतरी म्हणाली. आक्का तिच्या ओठांकडे बघत राहिली आणि असहायपणे धाकटीकडे वळली. धाकटीनं घाईघाईनं आपला फोन काढला, बोललेलं लिहून दाखवणारं ॲप सुरू केलं आणि दोघींच्या मध्ये धरला.

"तुम्ही त्याला काट्याकडे बघायला सांगितलंत," ती बाई पुन्हा म्हणाली. "तो काय म्हणाला?"

आक्कानं वाचलं. धाकटीला फोन मागे घ्यावासा वाटला.

"म्हणाला, जा आक्का, मी आहे इथे," आक्का म्हणाली. "म्हणाला, घाबरू नका."

त्या बाईनं मान हलवली. "तसाच होता तो," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

समितीचा निकाल पुढे बऱ्याच महिन्यांनी आला. व्हॉल्व्ह फोरमननं व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून आवळला होता, हे सिद्ध झालं. दोघांवर खटला चालवायचं ठरलं. आक्कावर ठपका ठेवला नाही, पण बर्नर वेळीच बंद करणं तिला शक्य होतं असं एक वाक्य त्यात होतं. धाकटीनं ते वाचून निकाल लपवायचा विचार केला होता. आक्कानं स्वतःच मागून घेतला, ते वाक्य वाचलं आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय."

एकदा त्या तंत्रज्ञाचाही फोन आला. सगळ्या मशीनना एकच माप लावायचा हुकूम मागे घेतला गेला होता. जुनी मशीन तेवढी वेगळी काढून साध्या लायब्ररीवर ठेवली, बाकीची ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे निवडतात, असं त्यानं सांगितलं.

आक्का आता सुट्टीच्या दिवशी त्या मदतनिसाच्या घरी जाते. पहिल्यांदा ती बाईच बोलवायला आली होती. धाकटीनं आक्काच्या जुन्या फोनवर अक्षरं भराभर उमटतील अशी सगळी जुळवाजुळव करून दिली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. 'काय बोलता गं तुम्ही दोघी तिथे?' असं तिनं एकदा लिहून विचारलं.

"मी कुठे बोलते," आक्का म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. "ती बोलते, मी वाचते."